पट्टी धरणारी

"ओरडत नाही गं आई, बोलतेच आहे."

"मग तिकडं दार कुणी आपटलं?"

"वाऱ्यानं."

"वाऱ्याला काय तुझ्याच खोलीचा राग आलाय? हळू बोल जरा. बरं, कुणी मैत्रीण झाली का?"

"होईल की. घाई काय आहे?"

मग बापानं फोन घेतला. त्याला आडवळणाचं बोलता येत नाही. "वर्ष वाया जाणार असेल तर आत्ताच सांग. इथं दोरावर हात कमी पडतायत."

बाप विहिरी खणायचा. तो तळात आणि ही लेक काठावर. दोर सोड, बाजूला हो, दगड सुटलाय, सगळं हिच्या नरड्यावर. हळू बोललं तर खालचा माणूस जायचा. त्यामुळं पोरीला कुजबुज म्हणून जमलीच नाही.

गावाजवळच्या कॉलेजात ती जमीन मोजायचं शिकत होती. तिथं मोकळं माळरान. एकानं तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्यानं लांब जाऊन आकड्यांची उंच पट्टी उभी धरायची आणि दोघांनी एकमेकांवर बोंबलायचं. पोरं कमी झाली, शाखा बंद पडली, आणि दुसऱ्या वर्षाला हिला शहरातल्या मोठ्या कॉलेजात धाडलं.

पहिल्याच दिवशी इमारतींमधल्या हिरवळीवर काम निघालं. दुर्बिणीशी ही, पलीकडं पट्टी धरून एक पोरगा.

"ए दादा, सरळ धर की! वाकलीय! अरे, वाकलीय म्हणते ना!"

सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एक बाई वर्ग थांबवून गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. इथली पोरं नुसत्या हाताच्या खुणा करायची. हिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारपर्यंत तिचं नाव 'भोंगा' पडलं, आणि संध्याकाळी तिच्या गटातल्या सगळ्यांनी सरांकडं जाऊन दुसरे गट मागून घेतले. ही एकटी उरली.

सर म्हणाले, "शनिवारपर्यंत स्वतः घेतलेली मापं दाखव. नाहीतर वर्ष पुन्हा."

पण हे काम एकट्याचं नाही. तिनं पट्टी विटांत रोवून पाहिली. दुर्बिणीपर्यंत पोचेस्तोवर पट्टी आडवी. पुन्हा गेली, पुन्हा रोवली, पुन्हा आडवी. हिरवळीवर डबा खाणारी पोरं फुकटात तमाशा बघत होती.

शेवटी दुसऱ्या एका गटातली चष्मेवाली आली. "आमची पट्टी धरशील? उन्हात उभं राहायला कुणी तयार नाहीये. पण तोंड उघडायचं नाही."

"आणि माझी मापं?"

"आमची झाली की तुझी."

ती धरायला लागली. लांबून तिला गट दिसायचा. एकाच बाटलीतून पाणी प्यायचे, मध्येच खिदळायचे. कशाला हसतायत ते ऐकू यायचं नाही. दुर्बिणीतून आकडे दिसतात. धरणाऱ्याकडं बघायची कुणाला गरज नसते. रोज उजेड संपायचा, पण त्यांचं काही संपायचं नाही. खोलीवर आली की घसा असा कोरडा लागायचा, जणू दिवसभर ओरडलीय. आणि बोललेली तर नसायची काहीच.

शनिवारी तिनं पट्टी गवतावर आडवी टाकली आणि चालत दुर्बिणीपाशी आली.

"काय झालं?" चष्मेवालीनं विचारलं.

"आधी माझं. तुमच्यातलं कुणीतरी जा उन्हात."

"असं ठरलं नव्हतं हं."

"मग धरा तुमची तुम्ही."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी टोपीवाला पोरगा पुटपुटत गेला.

तिनं डोळा लावला. पट्टी वाकडीच. हाक ओठापर्यंत आली. तिनं दात आवळले आणि हात डावीकडं हलवला. पट्टी जराशी कलली. अजून. बस. आकडा लिहिला. जमिनीत ठोकलेल्या शेवटच्या खुंटीपर्यंत तिनं एकही शब्द काढला नाही, आणि तिच्याशीही कुणी बोललं नाही.

सरांनी मापं चाळली, सही केली. "ठीक आहे."

ती परत आली तेव्हा चष्मेवाली घड्याळ बघत होती. "झालं ना तुझं? आमची एक बाजू मोजायची राहिलीय."

"धरते की."

तिनं गवतातून पट्टी उचलली, खांद्यावर टाकली आणि हिरवळ ओलांडून पलीकडच्या खुंटीकडं निघाली.