पाळी मोडणारी ओळ

इंदापूरच्या स्टँडवर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि खिडकीतून एवढंच म्हणाले, "तितं मदी घुसू नगंस. आपली पाळी येतीच." शाळा आठवीतच सुटली होती. बंगळूरला सर्किट बोर्डांवर सोल्डरिंगचं काम मिळालं होतं.

पाळी म्हणजे पाटाच्या पाण्याची. आमच्या गावात, वरकुट्यात, आमचं रान पाटाच्या शेवटाला. वरच्या कुणी मधेच दार फोडलं की आम्ही कोरडे. म्हणून स्वतःच्या सख्ख्या भावाचा ऊस वाळला, तरी तात्यांनी पाळी मोडू दिली नाही.

कंपनीतले साहेब कानडी. यंत्रातल्या एका चिपकडे दहा कामं असतात. कोणतं कधी करायचं आणि वेळ चुकू द्यायची नाही, हे सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टीम ते बनवत होते. मार्कशीट न मागता त्यांनी मला सोल्डरिंगवरून उचलून, शिकवून प्रोग्राम लिहायला बसवलं. हे उपकार कुठं ठेवू, अजून कळत नाही.

पहिलंच काम पत्रा दाबणाऱ्या प्रेसचं. मी सगळ्या कामांना सारखी पाळी दिली. चाचणीला साहेबांनी प्रेसखाली खडू ठेवला आणि थांबवायचं बटण दाबलं. बटणाचं काम रांगेत उभं, त्याच्या पुढं दिवा लावणं, आकडे दाखवणं, अशी सगळी कामं; तोवर प्रेस खाली आला. खडूचा भुगा झाला.

"खडूच्या जागी बोट असतं तर?" साहेब हिंदीत म्हणाले.

आता घरी पाठवणार म्हणून मी मनात पिशवी भरली. त्यांनी मात्र खुर्ची ओढून, असं का केलंस, विचारलं. मी पाटाचं सांगितलं. ते हसले, मग म्हणाले, "थांबवायचं काम कुणाचीही पाळी मोडून पुढं जाईल. ती ओळ तूच लिही."

लिहिली. दुसरा खडू शाबूत राहिला.

दिवाळीला तात्यांना हे सांगितलं, फक्त ओळ मी लिहिली एवढं सोडून. ते तंबाखू मळायचे थांबले. "आन् घाई कुणाची, ह्ये कोण ठरवतं?"

"साहेब."

"त्यो चांगला हाय तवर बरं. हितं असं कुणी ठरवलं असतं, तर आपल्या रानात कुसळं उगवली असती."

दोघांचंही मला पटतं, आणि दोन्ही एकदम कसं पटतं ते उमगत नाही. इथं माझ्या त्या ओळीमुळं लोकांची बोटं शाबूत आहेत. पण गाव म्हटलं की तात्यांचा तो थांबलेला तळहात दिसतो. घर म्हणजे तेच असावं: जिथं पाळी मोडणारी ती ओळ मीच लिहिली, हे अजून सांगता आलेलं नाही.