हवा विकणाऱ्याची चाल

मी लातूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला. कोकणात लोट्याला केमिकल कंपनीत कंत्राटावर होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमचे ऑपरेटर काका वाचनवेडे. कंपनीच्या बसमध्ये ते आम्हाला एक कादंबरी वाचून दाखवायचे. तिच्यातल्या शहरात श्वासाची हवा विकत घ्यावी लागते. ऐकताना छाती दडपायची. काकांनी ठरवलं, कॉलनीच्या गणपतीत याचाच सिनेमा दाखवायचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाला त्यांनी पटवलं.

"पण पुस्तकात कुणी हसत नाय रे," काका म्हणाले. "असाच दाखवला तर लोकं उठून घरी जातील." म्हणून त्यांनी त्यात कोकणातल्या नमनाच्या खेळातली सोंगं घातली, गवळणीच्या चालीवर हवेची गाणी रचली. हवा विकणारा अधिकारी मला दिला. संवाद काका म्हणायचे, मी ऐकून पाठ करायचो.

चालायचं कसं, ते मात्र मला आमच्या मॅनेजरसाहेबांशिवाय सुचेना. एक हात कमरेवर, बोलण्याआधी पेनाची टिकटिक. तालमीत सगळे हसून लोळले. "मेल्या, हुबेहूब!" पण गणपतीला प्रमुख पाहुणे दरवर्षी साहेबच, आणि माझं कंत्राट वाढवणंही त्यांच्याच हातात.

गर्दीच्या प्रसंगात वेगळीच गंमत. भोंगा वाजताच लोक सैरावैरा धावतात, असं पुस्तकात होतं. आमची माणसं थांबली, कंपनीतल्या वायुगळतीच्या सवयीने वर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, शोधला, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि त्याला आडवी, शिस्तीत निघाली.

"अहो, घाबरा की!" कॅमेरावाला ओरडला.

"घाबरलो म्हणूनच असं चाललोय!" गर्दीतून उत्तर आलं.

काकांनी ते तसंच ठेवलं.

मंडपात साहेब पहिल्या रांगेत. पडद्यावरच्या माझ्या चालीला हशा पिकला. साहेब हसले नाहीत. मी खांबामागे सरकलो. मग सिनेमातला भोंगा वाजला आणि अख्ख्या मंडपाच्या माना वर गेल्या. साहेबांचीसुद्धा. वर नुसत्या झिरमिळ्या. लोक आपल्यालाच हसले.

संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "पेन मी असं वाजवतो?"

"चुकलं, साहेब."

काका मध्ये आले. "सिनेमा माझा आहे, साहेब. काय बोलायचं ते मला बोला."

साहेबांनी पेन एकदा वाजवलं. "माझी मुलगी घरी हीच नक्कल करते. याच्यापेक्षा बरी."

दिवाळीआधी माझं कंत्राट वाढलं. साहेबांनी हसण्यावारी नेलं, हे उपकारच. पण काकांची तेव्हा निवृत्ती जवळ आली होती, आणि गमावायला त्यांच्याकडे, निवृत्तीचे पैसे धरून, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. स्वतःच्या भीतीत ते माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासाठी मध्ये पडताना त्यांच्या मात्र ते ध्यानात होतं.