आईचा सूर उतरत गेला

२००४ च्या हिवाळ्यात, बॉथेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, मी आईच्या मागे पेटी धरायचो. आईला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पेटी म्हणजे गराज सेलमधून आणलेला कीबोर्ड, आणि आई म्हणजे तिनंच चाली लावलेल्या आरत्यांची कॅसेट. मी अमेरिकेला निघालो तेव्हा तिनं ती घरीच टेप करून माझ्या बॅगेत घातली होती. दुसरी प्रत नव्हती.

पहिल्याच दिवशी दोघांचं जमेना. आई काळी चारच्या पट्टीत गायची, पण टेपवरचा तिचा सा कीबोर्डच्या काळी चारच्या किंचित खाली लागत होता. मॅन्युअल चाळून मी मास्टर ट्यूनचा मेनू शोधला. त्यात दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केलेले असतात. एकेक भाग उतरवत गेलो, आणि एका आकड्यावर कीबोर्ड तिच्या आवाजात असा मिसळला की वेगळा ऐकूच येईना. मला रडू आलं. तो आकडा सेव्ह केला.

पुढच्या शनिवारी पुन्हा खटकलं. परत वीस-पंचवीस भाग खाली. मग दर शनिवारी सकाळी तेच. गाणाऱ्याच्या मागे जायचं, पेटीनं शहाणपणा करायचा नाही, हे लहानपणी तिनंच माझ्या डोक्यात भरवलेलं. दिवसभर ऑफिसात लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणारा मी, पण आई बेसूर होऊ शकते हे मनातच येईना. प्रत्येक वेळी जुन्या आकड्यावर नवा सेव्ह करत राहिलो.

फेब्रुवारीत ट्यूनचे आकडे संपले. तेव्हा ट्रान्सपोजमधून अख्खी पट्टीच उतरवली. आई आता ओळी लांबवत होती, म्हणून बोट उचलल्यावरही सूर थोडा रेंगाळावा अशी सेटिंग केली. तिला दम लागतोय, असं मला वाटलं. गेलेल्या माणसाला दम लागतोय, आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही.

बायको बहिणीच्या लग्नासाठी तीन महिने भारतात होती. तिनं आईला कधी पाहिलं नव्हतं, ओळखत होती ती या कॅसेटवरूनच. परत आली त्या सकाळी बॅग हातात धरूनच ती दारात थबकली आणि हे कोण गातंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, आई.

"यार, या आई नाहीत," ती म्हणाली. "ही कोणीतरी म्हातारी बाई आहे."

मी टेप पहिल्यापासून लावली. घड्याळ लावून पाहिलं, तर अर्ध्या तासाच्या बाजूला पस्तीस मिनिटं लागत होती. कॅसेट डेकमधला रबरी बेल्ट सैल पडला होता आणि टेप आठवड्यागणिक हळू फिरत होती. आधी कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्यावी म्हटलं. कॉपी पुरी झाली आणि टेप मागे घेताना डेकनं ती खाल्ली. हाती आल्या त्या चुरगळून तुटलेल्या पट्ट्या. मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

आता उरला होता तो फक्त हा उतरलेला आवाज. तो चढवता येत होता, पण किती? काळी चारपर्यंत म्हणावं, तर घरची जुनी पेटी तरी कुठे नेमकी जुळलेली होती. पहिला आकडा मीच पुसला होता, आणि डेक पहिल्या दिवशी तरी धड होता का, कोण जाणे. माझ्या कानांवर आता भरवसा नव्हता; आईचा खरा आवाज ओळखणारे उरले होते ते बाबा. कमी-जास्त चढवलेल्या चार फाइली तयार केल्या आणि नागपूरला फोन लावला. सगळं सांगितलं. काय घोळ झालाय ते कळावं म्हणून आधी उतरलेलीच आरती लावली आणि रिसीव्हर स्पीकरला धरला.

आरती संपली. मी म्हटलं, बाबा, ही चुकीची होती, आता बरोबरची लावतो.

"नको," ते म्हणाले. "हीच राहू दे. ती माझ्याएवढी झाली."

त्यांनी तीच पुन्हा लावायला सांगितली. या वेळी तेही तिच्याबरोबर म्हणू लागले, त्याच उतरलेल्या पट्टीत, ती जिथे श्वास घेत होती तिथेच थांबत. बाकीच्या फाइली मी त्यांना ऐकवल्या नाहीत.