राणी धुकेरीचा आवाज

मुर्री गावच्या समीक्षा रामटेकेची पिठाची चक्की आहे, पण तिचा जीव रमतो कादंबरी लिहिण्यात. तिच्या कादंबरीत एका तळ्याखाली राज्य आहे आणि त्या राज्यात जादू फुकट होत नाही. जादू करणाऱ्याने स्वतःचं काहीतरी द्यायचं आणि दिलेलं पुन्हा कधीच मिळत नाही, हा तिचा नियम. पहिल्या भागाच्या शेवटी राणी धुकेरी तळं वाचवण्यासाठी आपला आवाज देऊन टाकते. तो शेवट साधायला समीक्षाला एक अख्खा उन्हाळा लागला होता.

नाटक मंडळीचा मालक भुपेंद्र ती कादंबरी वाचायला म्हणून घेऊन गेला. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत, म्हणजे जत्रेत, तिचं नाटक झालं. भोंग्यावर लेखक म्हणून पुकारलेलं नाव भुपेंद्रचं. समीक्षा जाब विचारायला गेली, तर तो हसला.

"गोष्टी हवेत असतात बाई. ज्यानं धरली, त्याची."

ती भांडली नाही. तिने राग जपून ठेवला.

लोक पुढचा भाग मागू लागले. भुपेंद्रने यंदाच्या मुर्रीच्या मंडईसाठी तो जाहीरही करून टाकला आणि मग चक्कीवर आला.

"समीक्षाताई, पुढं राणीचं काय होते?"

"लेखक तुमी. मले काऊन विचारता?"

"कायले ताणून राहिली? तुहं नाव टाकतो ना, खाली, बारीक अक्षरात."

"दळण आणलं असंल तर ठेवा. नाही तर सरका, मागं लोक उभे आहेत."

दुसरा भाग तिच्याकडे लिहून तयार होता. तिने त्यातला एक शब्दही सांगितला नाही. त्या दिवशी दळताना ती गुणगुणत होती.

शेवटी भुपेंद्रने पुढचा भाग स्वतःच लिहिला. मंडईच्या दुपारी समीक्षा सगळ्यांत पुढे जाऊन बसली. पडदा उघडला आणि राणी धुकेरी चक्क गातच आली! हा कुठेतरी चुकणार, हे समीक्षाला ठाऊक होतं. पण इतक्या लवकर चुकेल असं वाटलं नव्हतं.

म्हातारी मंगलीबाई उठून ओरडली, "काऊन जी, हिनं तर आवाज देऊन टाकला होता ना? मी मागच्या साली रडली होती!"

"माह्येही आसू वापस दे रे भुपेंद्र!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा, शिट्ट्या. नाटक बंद पडलं.

भुपेंद्र घाम पुसत माईकवर आला. "मायबाप हो, हे लिहिणं माहं नाही. समीक्षाताईचं आहे."

समीक्षा रंगमंचावर चढली. माईक हातात घेऊन म्हणाली, "हा भाग यांचाच आहे, अख्खा. माहा पहिला होता."

"ताई, धंदा बसंल माहा," तो कुजबुजला. "सांभाळून घे."

तिने माईक त्याच्या तोंडापुढे धरला. "मोठ्यानं बोला, भाऊ. पहिला भाग कोणी लिहिला?"

त्याने मान खाली घालून सांगितलं.

"मागच्या बायांना ऐकू नाही आलं," समीक्षा म्हणाली. "पुन्हा."