रुषीचा काळपट हिरवा

रुषी पेंटर गेला, हे मला आरा मिलमध्येच कळलं. माझ्या जागेवर आता दिवाकर लाकूड चिरतो. त्याने मशीन बंद केली आणि मोबाईल कानाला तसाच धरून म्हणाला, "भाऊ, रुषीभाऊ गेले. चहा पिऊन खाटेवर पडले, ते उठलेच नाई." मशीन थांबली की मिलमध्ये जी शांतता होते ती मला कधीच आवडली नाही. त्या दिवशी तर... जाऊ द्या. महिना होत आला, आता लिहितो. शाळा मी चौथीत सोडली. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी पाहून घ्यावं, मजकूर मात्र बदलू नये.

रुषी हिवाळ्यात वडस्याच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. महाल, नदी, जंगल. पावसाळ्यात नाटकं बंद झाली की ब्रश घेऊन आमच्याकडे मशीन रंगवायला हजर. आमच्याकडे आऱ्याचे रंग ठरलेले आहेत. अंग हिरवं, फिरणारं चाक लाल, हात जाऊ नये तिथं पिवळा. माझ्या वस्तादाच्या काळापासून हेच, आणि असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. एकदा चाक रंगवता रंगवता रुषी आपणहून बोलला, "स्टेजवर राजा लाल कपड्यात राह्यते, मांगं जंगल हिरवं. पब्लिक कोणाले पाह्यते? राजालेच ना. तसं तुमी चाकाले पाहा, भाऊ. बाकीच्यावर डोळे शिनवू नोका." सारं आयुष्य आऱ्यावर गेलं, पण मशीनकडे असं पाहायला मला कोणी शिकवलं नव्हतं. तोंडावर मात्र मी म्हणालो, "रंग दे, भाषण नोको देऊ." त्याला मशीनवर फूलपत्ती काढायची फार हौस, आणि मला ती खपत नसे. मशीन म्हणजे काही नवरी नव्हे. एकदा त्याने काढलेलं कमळ मी त्यालाच पुसायला लावलं होतं.

पुढे माझे डोळे धूसर झाले. मोतीबिंदू. मी कोणाला बोललो नाही. आऱ्यावरच्या माणसाला दिसत नाही म्हटलं की शेठ त्याला दुसऱ्या दिवशी लाकडं मोजायला बसवतो, आणि ते माझं काम नव्हे. लाकूड चिरणारी आऱ्याची दातेरी पट्टी मला दिसत नसे, आवाजाने कळे. बोटं शाबूत होती, म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो होतो.

त्या पावसाळ्यात रुषी आला आणि दिवसभर नुसता माझं काम पाहत बसला. दुसऱ्या दिवशी पट्टीच्या मागच्या पत्र्याला त्याने रंग लावायला घेतला. नेहमीचा हिरवा नव्हे, काळपट. शेठ ओरडला, "हा कोणता हिरवा बे?"

"तेलानं अन् धुळीनं काळाच होते ना, शेठ. मी आधीच करून देतो."

शेठला पटलं. पण एवढ्याशा पत्र्यासमोर तो अख्खा दिवस का बसून राहिला, ते मला कळेना.

रंग वाळला, मी मशीन चालू केली... आणि पट्टी मला दिसली. काळ्यावर पांढरी रेघ, सरसर खाली जाणारी. अंगावर काटा आला. जिच्याजवळ मी रोज हात नेत होतो, ती इतकी जवळ होती. मी रुषीला बाजूला घेतलं. "तुले कोणी सांगतलं?"

"काय सांगतलं? मी तं रंग देल्ला." मग ब्रश पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गडचिरोलीले डोळे दाखवून या, भाऊ. नाई तं पुढच्या पावसाळ्यात मी फिका मारतो. मंग कापा बोटं."

मी गेलो. घरी सांगितलं की माझ्या मनानेच चाललो. ऑपरेशन होऊन, डोळ्यांवरची पट्टी सुटून मिलमध्ये परतलो आणि मशीनसमोर उभा राहतो तर काय... त्या काळपट हिरव्यात जंगल होतं. सागाची रुंद पानं, मोहाची, बांबूची, साऱ्या पत्र्याभर. पडद्यावर काढायचा तसंच, पण इतकं दबलेलं की आऱ्यावरची नजर हलू नये. मी बघतच राहिलो. माणसाच्या हातात इतकं असतं? मग भानावर आलो आणि ओरडलो, "हे पानं कोणं काढले? कवा काढले?"

दिवाकर हसायला लागला. "भाऊ, ते पह्यल्या दिवसापासून हायेत. रुषीभाऊ आमाले बोलून गेले होते, भाऊ ज्या दिवशी पानावरून शिव्या देतीन, त्या दिवशी समजा डोळे आले. तवरिक त्यायले आऱ्यापाशी एकटं सोडू नोका."

तेव्हा ध्यानात आलं. तेवढे दिवस लाकूड धरायच्या निमित्ताने कोणी ना कोणी माझ्या बाजूला उभं असायचं. आणि मी समजत होतो, माझी गोष्ट माझ्यापाशीच आहे.

रुषीला फोन लावला आणि येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. तिकडून तो हसत होता. "द्या भाऊ, अजून द्या," म्हणे.

यंदा शेठचा पोरगा म्हणाला, मशीनला नवीन रंग मारून घेऊ. मी म्हटलं, बाकी सारं मार, या पत्र्याला ब्रश लागला तर मी मशीनसमोर आडवा पडतो. काम मी सोडलं आहे, पण सकाळी मिलमध्ये जातो. पत्र्यावरचा भुसा फडक्याने झटकतो, पानं वर येतात. मग दिवाकरने मशीन चालू करायच्या आधी मी त्या पानांना एक शिवी घालतो. चांगली मोठ्याने, दिवाकरला ऐकू जाईल अशी.