बिराजदार बाईंचं दप्तरवाटप

शाळेत कुणी भेटवस्तूंचे खोके घेऊन आलं की बिराजदार बाई दारातच उभ्या राहायच्या आणि नमस्काराच्याही आधी विचारायच्या, "कुणाला विचारून आणलं?" पाहुणे गोंधळायचे. मुख्याध्यापक मागून खुणा करायचे. बाई हलायच्या नाहीत. आमची शाळा सोलापूरच्या विणकर वस्तीतली, त्यामुळे देणाऱ्यांची वर्दळ असायची. बाईंचं म्हणणं एवढंच, की देणाऱ्यानं आधी मुलाशेजारी बसावं, तुला काय लागतं ते विचारावं आणि ते सांगेल तेच आणावं. "न्हायतर सुम्ने आपल्या घरी बसावं," असं त्या वर जोडायच्या. बाई अक्कलकोटकडच्या. रागावल्या की त्यांच्या मराठीत कानडी शिरायची; सुम्ने म्हणजे गप्प.

मी शाळेत नवी होते. मला वाटलं, बाईंचा स्वभावच तिरसट. मग एकदा मधल्या सुट्टीत डबा खाताना त्यांनी कारण सांगितलं.

मी रुजू होण्याच्या आधी अमेरिकेत स्थायिक झालेले एक गृहस्थ शाळेत आले होते. बाई त्यांना 'दाते' म्हणायच्या. ते त्यांचं आडनाव नव्हे, आणि खरं मी इथं लिहिणार नाही. त्यांनी सातवीच्या मुलींसाठी चाळीस गुलाबी दप्तरं आणली. ती बालवाडीच्या मापाची होती, सातवीची पुस्तकं त्यांत मावेनात. पण फोटो झाले. श्रीलता नावाची नीटनेटकी मुलगी पुढं उभी केली होती. ती ताठरली होती, म्हणून बाईच तिला म्हणाल्या, "हस की गं जरा."

काही महिन्यांनी दात्यांच्या संस्थेची गुळगुळीत पुस्तिका शाळेत आली. मुखपृष्ठावर श्रीलता, आणि खाली ओळ : 'निराधार बालिकेला दप्तराचा आधार'.

दुसऱ्याच दिवशी श्रीलताचे वडील, नरसय्या, शाळेत आले. ते यंत्रमागावर कामाला होते. घरी तेलुगू, बाहेर मोजकं मराठी. पुस्तिकेची सुरळी हातात धरून ते बाईंसमोर उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "बाई, मी जिता हाय की. हिला निराधार कुणी केलं?"

वर्गातल्या मुली श्रीलताला 'निराधार' म्हणून हाक मारू लागल्या. महिन्याभरात तिनं शाळा सोडली आणि ती आईबरोबर घरी विड्या वळायला बसली. बाई तीनदा तिच्या घरी गेल्या. तिसऱ्या वेळी आईनं दार उघडलं नाही. बाईंनी दात्यांना दोन पत्रं लिहिली. आपल्या भावनांबद्दल आभारी आहोत, असं छापील उत्तर आलं.

"हस म्हणाले ते मी," बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "ते माझ्याकडं र्‍हाऊ दे. त्याचं त्याला मी पोचवणार."

हे त्या इतक्या शांतपणे बोलल्या, की मला ते खरं वाटलं.

निवृत्तीनंतर त्या लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या. दात्यांचं घर लेकीच्या गावापासून दोन तासांवर आहे, हे त्यांनी तिकिटाच्या आधी शोधून काढलं होतं. दात्यांना नऊ वर्षांची एक नात होती. बाईंनी दात्यांच्या सुनेला फोन केला, ओळख सांगितली आणि फोन थेट नातीकडंच द्यायला सांगितला. तुझ्यासाठी काय आणू, म्हणून विचारलं. ती रविवारी मराठी शिकायला जायची. तिकडच्या वह्यांत अक्षराला वरून धरणारी रेघ नसते, सगळं वेडंवाकडं जातं, असं तिनं सांगितलं.

मग आम्ही दोघी दुरेघी वह्यांसाठी बाजारात हिंडलो. चार दुकानं झाली. बाई प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर शाईचं पेन टेकवून बघायच्या. शाई फुटली की वही परत. खोडरबरं घासून बघितली, पेन्सिलींची टोकं काढून बघितली. मी म्हटलं, "बाई, त्याचीच नात आहे ती." त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "पोरीनं काय केलंय?"

चौथ्या दुकानात शेवटी त्यांनी बालवाडीच्या मापाचं एक गुलाबी दप्तर घेतलं. ते कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

पुढचं मला त्यांच्या लेकीनं सांगितलं. सोलापूरच्या शाळेतल्या बाई येणार म्हणून दात्यांनी घरी वीसेक मराठी मंडळी बोलावली होती. बाईंनी आधी नातीला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, वह्या दिल्या आणि तिच्याकडून दोन ओळी गिरवून घेतल्या. तिथं फोटो नाही. मग बाहेर आल्या. दात्यांनी त्यांना संस्थेच्या कामाबद्दल चार शब्द बोलायची विनंती केली. बाईंनी चार शब्द बोलायच्या ऐवजी पिशवीतून दप्तर काढलं आणि म्हणाल्या, "साहेब, जरा पुढं या. हे धरा. हसा जरा."

दाते कौतुकानं हसले. लेकीनं फोटो काढला. तिला काहीच माहीत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची पुस्तिका काढायचं काम माझ्याकडं होतं. बाईंनी फोटो आणि ओळ दोन्ही आणून दिलं. 'परदेशातील निराधार वृद्धास दप्तरवाटप'. ती ओळ मी टाइप केली. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. बाईंनी दात्यांना, आणि त्या घरी आलेल्या प्रत्येकाचा पत्ता लेकीकडून मिळवून त्यांनाही, एकेक प्रत टपालानं धाडली.

पहिली प्रत मात्र त्यांनी श्रीलताला नेऊन दिली. मीही बरोबर होते. आता तिचा गणवेश शिवायचा कारखाना आहे. सहा मशिनी, सहा बायका. तिनं फोटोखालची ओळ वाचली आणि विचारलं, "छापताना त्यांना विचारलं होतं का?"

"न्हाय," बाई म्हणाल्या.

"मग बरोबर झालं," श्रीलता म्हणाली आणि पुन्हा मशिनीवर बसली.

दोन महिन्यांनी दात्यांचं पत्र आलं, या वेळी हातानं लिहिलेलं. नातीनं ती ओळ मोठ्यानं वाचली होती आणि निराधार म्हणजे काय, असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. सांगता सांगता आपल्याला ती जुनी पुस्तिका आठवली, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांना श्रीलताची माफी मागायची होती आणि तिचा पत्ता हवा होता. मला वाटलं, आता बाई विरघळतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला वाचता आलं म्हणजे वह्या कामाला आल्या."

पत्ता द्यायचा का, हे त्यांनी श्रीलताला फोन करून विचारलं. तिनं नको सांगितलं. माफी ऐकायला वेळ नाही, म्हणाली. बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून "बेड" म्हणाल्या, म्हणजे नको. पत्राला उत्तर गेलं नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका आला, फार वेळ मिळाला नाही. तेराव्याच्या सुमारास दात्यांचा मला फोन आला. आवाज थकलेला होता. बाईंबद्दल ते फार आदरानं बोलले. आपलं वय झालंय, प्रवास आता जमत नाही, निदान त्या मुलीचा पत्ता तरी मिळेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

मी म्हटलं, माझ्याकडं पत्ता नाही.

श्रीलताचा कारखाना माझ्या घरापासून चौथ्या गल्लीत आहे.