गोधडी पांघरलेला कॉम्प्युटर

आबा परब गेले ते पहाटे, झोपेत. मला कळलं दूध घेऊन जिना चढताना. त्यांची सून कठड्याला धरून उभी होती. "काकू, आबा..." एवढंच म्हणाली आणि रडू लागली. आमच्या काळाचौकीच्या चाळीत आबांचं दार आमच्यापासून तिसरं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. लोक म्हणाले, सोनं झालं. झालं असेल, पण मला त्या दिवशी सगळ्यांचा रागच येत होता. घरात येऊन ह्यांना सांगितलं. हे खुर्चीत ताठ झाले, म्हणाले, "आबा... आबांना..." आणि मी सवयीने पुढचं बोलून टाकलं, "हो, शांतपणे गेले हो." ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना वेगळंच काहीतरी विचारायचं होतं. काय, ते मला अजून कळलेलं नाही.

ह्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडखळायला लागलं. शब्द डोक्यात असतो, ओठांवर येत नाही. गिरगावातल्या छापखान्यात ज्या माणसाने तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्याच्यावर ही वेळ! मी पडले शाळामास्तरीण. वर्गात पोर अडलं की उत्तर सांगून मोकळी व्हायचे, घरीही तेच चालवलं. थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, रोज सकाळी, डोकं ताजं असताना, डाव्या हाताने कॉम्प्युटरवर चार ओळी लिहायच्या आणि मग मोठ्याने वाचायच्या. लेकीने लग्नानंतर मागे ठेवलेला जुना कॉम्प्युटर देवाच्या फळीखाली होताच. पण तो मेला रोज अडकायचा! हे एकेक अक्षर शोधत अर्धी ओळ लिहितात न लिहितात तोच पडदा गोठायचा. माऊस हलत नाही, बटणं ऐकत नाहीत, शेवटी वीज बंद करा आणि लिहिलेलं सगळं पाण्यात. वर मी म्हणायचे, "तुम्हीच दोन बटणं एकदम दाबली असणार." महिन्याभरात ह्यांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं, आणि लिहिणं सुटलं तशी बोलायची खटपटही सुटली. आता या घरात जन्मभर माझा एकटीचाच आवाज, या विचाराने मला धडकी भरली.

दादरच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला होता, "काकू, भंगारात द्या." मी हे बाहेर गॅलरीत तणतणत सांगत होते, ते आबांनी ऐकलं. आबा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करायचे. गिरणी बंद झाली तरी हातातला पाना सुटला नव्हता. चाळीतला मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, सगळं त्यांच्याकडे जायचं. कॉम्प्युटर मात्र त्यांनी कधी उघडून पाहिलेला नव्हता. तरी आले, खुर्ची ओढून ह्यांच्या शेजारी बसले आणि मला म्हणाले, "वयनी, साचो काय नि ह्या काय, मशीन उगाच बंद पडणा नाय. बंद पडायच्या आधी काय चाललेला, ता सांगा." मला कुठे ठाऊक होतं! मग "सावंतांनू, तुम्ही सांगा," म्हणत ते ह्यांच्याकडे वळले. हे बोलायला लागले... दोन शब्द, मग अडले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि वाट बघत बसले. बाहेर मुलांचा क्रिकेटचा डाव आटोपला, पण आबा हलले नाहीत. शेवटी ह्यांच्या तोंडून आलं, "सकाळी... फक्त सकाळी." खरंच, दुपारी कधी लेकीचे फोटो बघायला लावला तर तो अडकत नसे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आबांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे रकाने आखून दिले. कधी सुरू केला, कधी अडकला, तेव्हा घरात काय चाललं होतं. रोज एकच गोष्ट बदलायची. एक दिवस प्लग बदलला, एक दिवस माऊस काढला. मी म्हटलं, "आबा, एकदम सगळंच बदला ना, सुटेल तरी." तर म्हणाले, "चार बदललात तर कशान बरा झाला ता कसा कळतला?" पाचव्या दिवशी ते सकाळीच आले. मी पूजा आटोपत होते. आबा फळीखाली वाकले आणि त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावरची फुलाफुलांची खोळ दोन बोटांनी उचलली. उदबत्तीची राख पडू नये, समईचं तेल ठिबकू नये म्हणून मी स्वतः अस्तर लावून शिवलेली ती खोळ. पूजेआधी घालायची, स्वयंपाक उरकला की काढायची. पाठीमागचा पंखा, जाळ्या, सगळं तिच्या आत कोंडलेलं.

"वयनी, मशीनाक गोधडी पांघरून निजवलात काय?"

खोळ काढली. त्या सकाळी कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. मी हात जोडले, तर दुसऱ्या दिवशी आबांनी मुद्दाम खोळ परत घातली! मी भडकले, "बरं चाललंय ते बघवत नाही का?" वीस मिनिटांत पडदा गोठला. मग वीज बंद करून त्यांनी झाकण खोललं आणि रंगाच्या ब्रशने आतल्या पंख्यावरचा वातीचा कापूस आणि काजळी झाडून काढली. जाताना दारात हळूच म्हणाले, "चूक सावंतांची नव्हती, तुमची होती. ता तुम्हीच तेंका सांगा." चाळीस वर्षांच्या संसारात मी चूक कबूल केल्याची नोंद नाही. पण सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम खो खो हसले... झटक्यानंतर पहिल्यांदा. मी रडत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

तेव्हापासून रोज चार ओळी होतात. कॉम्प्युटर अजून जुनाच आहे, कधीमधी अडतोही. आबा अधूनमधून येऊन ऐकत बसायचे.

तेराव्यानंतरच्या रविवारी खाली मंडळाच्या खोलीत शोकसभा होती. ह्यांनी दोन सकाळी खपून सहा ओळी लिहिल्या, मी त्या कागदावर उतरवल्या आणि मी वाचते म्हटलं तर कागद खिशात घातला. सभेत उभे राहिले. तीन ओळी धड गेल्या. चौथीला आबांचं नाव आलं आणि हे अडले. सगळ्या खोलीचे डोळे माझ्याकडे वळले, कारण चाळीला माझी सवय माहीत. नाव माझ्या अगदी जिभेवर होतं. मी पदर मुठीत धरला आणि गप्प राहिले. किती वेळ गेला कोण जाणे... मग ह्यांनी ते नाव घेतलं, पूर्ण घेतलं, आणि उरलेल्या ओळीही वाचल्या.

वर आलो. हे खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "जरा..." चहाच हवा असणार, म्हणून मी पातेलं उचललं. मग पातेलं हातात तसंच धरून थांबले.

"जरा... बस ना... माझ्याजवळ."

मी बसले.